जोडीच्या फेरीला हितेंद्रराव

क्षितिजा : वहिनी, प्लीज तू हसू नको. तू हसलीस की मला पण येतं. मंडपातून इथपर्यंत येताना मी जिन्यात दोनदा खाली बसले.

मेघना : मी कुठे हसतेय? मी मघापासून रडायचा प्रयत्न करतेय. जमतच नाहीये.

क्षितिजा : मग तो बॉक्स तरी खाली ठेव. बाळासारखा काय धरलायस?

मेघना : ठेववत नाही गं. मोरपंखी आहे. आणि काठ बघ जरा. लग्नात मला अशीच पैठणी हवी होती, तर आमच्या गिरगावातल्या आत्याबाईंनी "हा रंग मोराला शोभतो, नवरीला नाही" म्हणून मोडता घातला.

क्षितिजा : मोरपंखी असू दे नायतर केशरी, ती तुझी नाहीये! तुला कळतंय का काय लोच्या केलायस तू? माघी गणपतीचा मंडप, अख्ख्या प्रभादेवीच्या बायका, हातात माईक, आणि तू नवऱ्याचं नाव घेतलंस. नुसतं घेतलं नाहीस, पहिला नंबर काढलास!

मेघना : तो निवेदक म्हणाला, "पहिल्या रांगेतल्या ताई, घ्या नाव." मी घेतलं.

क्षितिजा : वहिनी, माझा सख्खा भाऊ, तुझा नवरा, आगीत गेला त्याला दोन वर्षं झाली!

मेघना : मला माहीत आहे ना! मला तरी सांगू नकोस!

क्षितिजा : बघ, बघ, परत हसलीस.

मेघना : सगळा दोष तुझा आहे. "वहिनी चल, मजा येते, आपण नुसतं बघू" म्हणून घोडपदेवहून धावत आलीस, आणि बसवलंस कुठे? पहिल्या रांगेत!

क्षितिजा : तिथून व्हिडिओ चांगला येतो.

मेघना : आला का?

क्षितिजा : कसला येतोय! तू "हितेंद्रराव" म्हणालीस आणि माझ्या हातातून मोबाईलच पडला. पुढे सगळ्या बायकांच्या चपला दिसतायत. आवाज मात्र क्लिअर आहे. बोल ना परत. एकदाच. मी हसणार नाही, आईशप्पत.

मेघना : "बेल वाजली, बंब निघाला, वरण झालं गार, हितेंद्रराव येईपर्यंत उघडं माझं दार."

क्षितिजा : उघडं माझं दार! अगं बाई गं! आणि त्यावर तो निवेदक काय म्हणाला?

मेघना : "वहिनी, साहेब आले की दार लावून घ्या हं, प्रभादेवीत डास फार आहेत."

क्षितिजा : मी मेले. पाणी दे.

मेघना : अगं, तो उखाणा माझा जुना आहे. क्वार्टर्समध्ये दर संक्रांतीला हाच घ्यायचे मी. खाली फायर स्टेशनात बेल झाली की वरच्या सगळ्या घरांतून माणसं भरल्या ताटावरून उठून पळायची, आणि आम्ही बायका ताटं झाकून ठेवायचो. मी तिथे नवीन होते, मला त्याचं फार नवल वाटायचं, म्हणून त्यावरच जुळवला होता. इतकी वर्षं तोच घेतला, की आज माईक तोंडापुढे आला आणि तो आपला आपण बाहेर पडला. मला अडवायला वेळच मिळाला नाही.

क्षितिजा : ते ठीक आहे. तोंडातून गेलं, गेलं. पण मग स्टेजवर जाऊन साडी का घेतलीस? तेव्हाच सांगायचं ना, की सॉरी, असं असं आहे.

मेघना : सांगणारच होते. पायऱ्या चढताना सांगायचं ठरवलं होतं. पण तेवढ्यात मीनाक्षीताईंनी शिटी मारली.

क्षितिजा : कोण मीनाक्षीताई? खालच्या मजल्यावरच्या? त्या पाण्यावरून भांडणाऱ्या?

मेघना : त्याच. तोंडात बोटं घालून शिटी! "परबवहिनी, एकच नंबर!" म्हणून ओरडल्या. क्षितिजा, तू हसशील, पण मला इतकं बरं वाटलं. हितेंद्र गेल्यापासून क्वार्टर्समध्ये माझ्याशी कोणी भांडलं नाही गं. नळावर मला पुढे करायचे. भाजीवालासुद्धा आवाज खाली करून बोलायचा. "ताई... मेथी आहे..." अशा आवाजात, की मेथीचंच काही बरंवाईट झालंय.

क्षितिजा : मेथीचं!

मेघना : जुडी हातात घेतली की मी आपली दोन मिनिटं उभी. इथे दिवाळीनंतर राहायला आलो आणि दुसऱ्याच दिवशी मीनाक्षीताई मला म्हणाल्या, "ओ, तुमच्या बादलीने आमचा जिना ओला झालाय, डोळे आहेत का?" मी घरात येऊन आनंदाने चहा केला. इथे कोणाला काही माहीत नाही. मी इथे फक्त बादलीवाली परब आहे. आणि आज सांगितलं असतं ना, तर उद्यापासून मीनाक्षीताईंनी पण आवाज खाली केला असता. मला ते नको होतं. बस, एवढंच.

क्षितिजा : हं.

मेघना : आता तू नको आवाज खाली करूस.

क्षितिजा : नाही करत! मी म्हटलं फक्त "हं"! पण वहिनी, साडी घेतलीस ते घेतलीस, उद्याचं काय? पहिल्या नंबरवाल्यांची उद्या जोडी फेरी आहे. नवऱ्याला घेऊन.

मेघना : त्यात काय काय असतं?

क्षितिजा : नवऱ्याचे डोळे बांधतात आणि त्याने बायकोच्या केसात गजरा माळायचा.

मेघना : हितेंद्रने? गजरा? तुला आठवतं, तुझ्या लग्नात मी त्याला म्हटलं, अंबाडा सुटतोय, मागून जरा बांध? त्याने त्याच्या कामातली दोरखंडाची गाठ मारली. वर म्हणतो, "या गाठीवर दोन माणसं उतरतात, काळजी करू नकोस."

क्षितिजा : सुटेचना ती! आम्ही सगळ्या नवरीला सोडून तुझ्या डोक्याला लागलो होतो. शेवटी कात्री मारावी लागली. माझ्या लग्नाच्या फोटोत तुझे केस एका बाजूने गायब आहेत.

मेघना : आणि तो कौतुकाने सगळ्यांना सांगत होता, गाठ नाही सुटली बरं का, केस कापले.

(मेघनाचा फोन वाजतो.)

मेघना : अनोळखी नंबर आहे. हॅलो? … हो, मीच मेघना परब. … कोण, अवधूतदादा? मंडपातले? अहो, तुम्ही फोनवर पण माईकवर असल्यासारखेच बोलता. … नाही, नाही, बोला ना, चांगलं वाटतं. … उद्या सहा वाजता. हो, जोडी फेरी. … जोडी म्हणजे दोघांनी यायचं, बरोबर. … साहेब काय करतात? फायर ब्रिगेडमध्ये. … आत्ता घरी नाहीत. ड्युटीवर आहेत. … उद्या येतील का? विचारून सांगते. … हो, करा थोड्या वेळाने परत फोन. ठेवते.

क्षितिजा : विचारून सांगते?

मेघना : तोंडातून गेलं.

क्षितिजा : कोणाला विचारणार आहेस? कुठली लाईन लागते तिकडे?

मेघना : क्षितिजा, गप्प बस, माझ्या पोटात दुखायला लागलंय.

क्षितिजा : "हॅलो दादा, उद्या सहाला सुट्टी टाक, वहिनीला गजरा माळायचाय!"

मेघना : तो तिथून पण म्हणेल, "बघतो, नक्की नाही सांगत."

(हितेंद्रची आई, रमाबाई, बागेतून येतात.)

रमाबाई : अगो, काय चल्लाहा ह्यां? खालच्या जिन्यापर्यंत तुमचा खिदळणा ऐकाक येता. लोक म्हणतले, परबांकडे चेडवांका कोणी भांग पाजल्यान काय?

क्षितिजा : आई, तू बस आधी. चपला नंतर काढ. बस.

रमाबाई : बसलंय. काय झाला? आणि ही साडी कोणाची?

मेघना : माझी. म्हणजे माझी नाही. आई, तुम्ही रागावू नका. मी मंडपात हितेंद्रचं नाव घेतलं. उखाण्यात. चुकून. त्यांना वाटलं तो आहे. त्यांनी मला पैठणी दिली, आणि उद्या त्याला घेऊन बोलावलंय.

रमाबाई : देवा म्हाराजा.

मेघना : आणि आत्ता फोनवर मी सांगितलं, फायर ब्रिगेडमध्ये आहेत, ड्युटीवर आहेत.

रमाबाई : फायर ब्रिगेडात म्हणान सांगलंस? अगो, मेलंय मी!

क्षितिजा : का? तुला काय झालं?

रमाबाई : मी राधाबायक सांगलंय, तो दुबईक आसा.

मेघना : काय?

क्षितिजा : कोण दुबईला आहे?

रमाबाई : आमचो हितेंद्र! बागेत बाकड्यार राधाबाय बसता ना, तिणी पयल्याच दिवशी विचारल्यान, तुमचो झील खंय असता? तिचो झील दुबईक. माज्या तोंडातसून पण दुबईच इला. मगे काय करतलंय? रोज तेचीच चवकशी. कसो आसा, काय खाता, फोन करता काय...

मेघना : आणि तिथे तो करतो काय, आई?

रमाबाई : एसीत बसता.

क्षितिजा : एसीत बसून काय करतो?

रमाबाई : कायएक करणा नाय. नुसतो बसता. गार हवेत. तेचा कामच तां.

मेघना : आई, आणि ते खजूर? तुम्ही सारखे खजूर घेऊन बागेत जाता ते?

रमाबाई : मगे दुबईक ऱ्हवणारो झील आवशीक खजूर धाडूचो नाय?

क्षितिजा : आई! ते दादरच्या मार्केटातले खजूर! मी आणून दिलेत तुला!

रमाबाई : वरचो कागद मी काडून टाकतंय गो. राधाबाय म्हणता, आमच्या झिलाच्या खजरापेक्षा तुमच्या झिलाचो चांगलो.

मेघना : म्हणजे उद्या मंडपात मीनाक्षीताईंना बंबाच्या उखाण्यावरून माहीत आहे की तो फायर ब्रिगेडमध्ये आहे, आणि राधाबाईंना माहीत आहे की तो दुबईला आहे. त्या दोघी शेजारी बसणार. क्षितिजा? तू का अशी भिंतीकडे तोंड करून उभी आहेस?

क्षितिजा : काही नाही.

मेघना : क्षितिजा.

क्षितिजा : मी वॉचमनला सांगितलंय, दादा क्राईम ब्रांचला आहे.

रमाबाई : खंय?

क्षितिजा : पोलिसात, आई! अगं, तो राकेश मला म्हणाला, ही खालची बाईक कोणाची, चालवत तर कोणी नाही, काढा इथून, सेक्रेटरींना जागा पाहिजे. दादाची बाईक! माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, हात लावून बघ, क्राईम ब्रांचचा माणूस आहे, वेश बदलून फिरतो, तुझ्या शेजारून गेला तरी तुला कळणार नाही.

मेघना : म्हणून तो मला सॅल्यूट मारतो! मला वाटलं, किती संस्कारी वॉचमन आहे!

क्षितिजा : तो प्रत्येक अनोळखी माणसाला सॅल्यूट मारतो. मागे पेपरवाल्याला "जय हिंद सर" म्हणाला.

रमाबाई : अगो, तो मगे माका इचारी होतो, "आजी, सायेब काल भाजीवाल्याच्या वेशात इलले काय?" मी म्हटलंय, ह्येका उन लागला.

मेघना : थांबा, थांबा, मला श्वास घेऊ द्या. तीन हितेंद्र झाले. एकाच स्टेजवर कसे चढवायचे?

क्षितिजा : सोपं आहे. दुबईच्या फायर ब्रिगेडच्या क्राईम ब्रांचमध्ये आहे.

मेघना : वेश बदलून.

क्षितिजा : एसीत!

रमाबाई : हसा, हसा. माजी बाकड्यारची जागा जातली, तेचा काय?

क्षितिजा : ओके, सिरियस. माझ्याकडे आयडिया आहे. आमच्या विक्रांतला घेऊन जा. माझा नवरा आहे, मी परवानगी देते. दाढी केली की दादासारखा दिसतो थोडा.

रमाबाई : तो विक्रांत? तेका साधो गॅस पेटवक जमणा नाय. तो खंयचो आग इजवतलो?

क्षितिजा : आई, जावई आहे तो तुझा!

रमाबाई : म्हणानच म्हायत आसा.

मेघना : विक्रांत वगैरे नको. मला भीती वाटते, गजरा नीट माळला तर? मग तर कोणाचाच विश्वास बसायचा नाही. खरं सांगू, काही करायचीच गरज नाही. उद्या फोन करून सांगायचं, साहेबांना आयत्या वेळी कॉल आला. संपलं.

क्षितिजा : अरे! हे कसलं भारी आहे!

मेघना : आणि कोणाला शंका पण येणार नाही. तो खरोखर होता तेव्हा तरी कशाला आला होता? साखरपुड्याला आला तो वाजंत्री निघून गेल्यावर. अंगाला धुराचा वास, एका कानात काजळी. माझे बाबा म्हणाले, "जावई आहेत की कोळसेवाले?" नातेवाइकांच्या डोहाळजेवणांना, बारशांना, सिनेमाला, कुठेच नाही. मी आपली दोन तिकिटं काढायचे. त्याच्या खुर्चीवर पिशवी ठेवायची, कोणी विचारलं तर "येतायत".

क्षितिजा : म्हणजे हे कायम चालेल. पुढच्या वर्षी पण कॉल आला. गणपतीत कॉल आला. नवरात्रात कॉल आला.

मेघना : मुंबईत आगी काय कमी लागतात? मी म्हातारी होईपर्यंत तो ड्युटीवर राहू शकतो. मीनाक्षीताई माझ्याशी भांडत राहतील. कोणाचंच काही जात नाही.

क्षितिजा : मग फिक्स. आई, तू त्याला दुबईहून परत आण. नोकरी सोडली म्हण, फायर ब्रिगेडमध्ये लागला म्हण. राकेशचं मी बघते. आई? ऐकतेयस ना?

रमाबाई : ऐकतंय.

क्षितिजा : मग बोल ना काहीतरी.

रमाबाई : आज बागेत राधाबाय माका काय म्हणाली, म्हायत आसा?

मेघना : काय म्हणाल्या?

रमाबाई : तिचो झील मे महिन्यात येतलो हा, घरी. माका इचारल्यान, तुमचो कदी येतलो? मी म्हटलंय, तेका सुट्टी नाय. तर म्हणता कशी, "रमाबाय, तुमका राग येयत, पण तुमचो झील काय कामाचो नाय. म्हाताऱ्या आवशीक आणि बायलेक हय टाकल्यान आणि आपण थय गार हवेत मजा मारता. दोन खजूर धाडले म्हणजे झाला? असल्या झिलापरास नसललो बरो."

क्षितिजा : मग तू काय म्हणालीस?

रमाबाई : मी काय म्हणतलंय? मी मान हलयलंय. "व्हय गो बाय, तसोच आसा तो," म्हटलंय. ह्या तोंडान. माज्या झिलाक. 

मेघना : आई.

रमाबाई : वडाळ्याच्या त्या गोदामातसून दोघांक भायर हाडल्यान तेणी. दोघांक, खांद्यार घालून. आणि परत गेलो. कित्याक, तर कोणीतरी आरडलो, अजून एक आत आसा. तो एक मागच्या दारान कदीच भायर इललो. रस्त्याच्या पलीकडे उबो ऱ्हवान चाय पीत होतो. माका किती तरी दिस तेचो राग येय होतो. मगे माका वाटला, तो तरी काय करतलो? तेका काय म्हायत, कोणी आपल्याक आत शोदता हा म्हणान?

क्षितिजा : आई, पाणी देऊ?

रमाबाई : नको. पाणी कित्याक? मी रडणंय नाय. माका राग इलो हा. माजो. असलो झील, आणि मी तेका दुबईक नेवन बसवलंय आणि लोकांच्या शिव्या खाव घातलंय!

मेघना : मी पण तेच केलंय, आई.

रमाबाई : तू काय केलंस?

मेघना : मागच्या महिन्यात मी सिलिंडर वर आणत होते. मीनाक्षीताईंनी दुसऱ्या बाजूने धरला, नवरा कुठे म्हणून विचारलं, आणि मी सवयीने म्हटलं, ड्युटीवर. म्हणाल्या, "काय मेला नवरा आहे तुझा, कधी दिसत नाही, बायको सिलिंडर उचलते आणि हा ड्युटी करतो. माझा असता तर घराबाहेर काढला असता." आणि मी हसले. मला वाटलं, काय छान, कोणीतरी मला इतर बायकांसारखं बोलतंय. आणि त्यात त्याला वाईट म्हणतायत हे माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. मी चालू दिलं.

क्षितिजा : त्याला तर सिलिंडर उचलायला आवडायचा. दोन दोन घेऊन जिना चढायचा, उगाच. शायनिंग मारायला.

मेघना : शेजारच्यांचे पण आणून द्यायचा. सांगितलं नसताना.

रमाबाई : मगे? सांग त्या माणसाक फोनवर. खरां काय तां सांग.

मेघना : सांगितलं की सगळं परत तसंच होणार. सगळे मला सांभाळायला लागणार. मला ते सहन होत नाही, आई.  तो गेला ते मी सोसलं, पण त्यानंतरचे ते हळू आवाज मला सोसले नाहीत.

रमाबाई : मी आसंय ना हय. मी भांडान तुज्याशी.

मेघना : तुम्ही? तुम्ही कधी भांडलात माझ्याशी?

रमाबाई : नाय भांडलंय, तीच माजी चूक. दोन वर्षां गप ऱ्हवलंय. तुजा वरण कसा असता म्हायत आसा? पाणी. नुसता पिवळा पाणी. गिरगावातली माणसां वरण कशी करतत देव जाणे. माशाच्या कालवणात तू साखर घातलंस परवा, मी डोळे मिटून गिळलंय. कित्याक? तर बिचारी.

मेघना : साखर नव्हती ती, गूळ होता!

रमाबाई : गूळ! ऐकलंस क्षितिजा? बांगड्यात गूळ!

मेघना : आमच्याकडे चिमूटभर घालतात!

रमाबाई : तुमच्याकडे घालूक देत, हय बांगडो काय लाडू आसा?

क्षितिजा : बापरे, चालू झालं. वहिनी, तुझा फोन! तोच असेल. अवधूत. उचल. नाहीतर मी उचलू?

मेघना : नको, मीच बोलते. हॅलो. हो, अवधूतदादा. विचारलं घरात. … नाही, जोडीने नाही जमणार. … थांबा, थांबा, ड्युटीचं नाही. मी मघाशी तुम्हाला खोटं सांगितलं. हितेंद्र फायर ब्रिगेडमध्ये होते, ते खरं आहे. दोन वर्षांपूर्वी वडाळ्याला एका गोदामाला आग लागली होती, त्यात गेले ते. दोन माणसांना बाहेर काढलं होतं त्यांनी. तुम्ही माईक पुढे केलात आणि मला सवयीने नाव आलं. तुमची काही चूक नाही. माझी पण नाही, असं मला आता वाटतंय. साडी मी उद्या आणून देते. … हॅलो? … दादा? … काय म्हणताय, ऐकू येत नाही. … नाही, रेंज आहे. तुम्ही आवाज खाली केलात. … हो, कळतं मला, तुम्हाला वाईट वाटलं. पण मघाशी कसे बोललात तसं बोला ना. मोठ्याने. मला तसंच बरं वाटतं. … हां. आता आलं. … हो. … खरंच? … बरं. विचारते. … नाही, या वेळी खरंच विचारते.

क्षितिजा : काय म्हणाला? बोल ना!

मेघना :  आधी काहीतरी कुजबुजला. मी ओरडले, तेव्हा ओरडला.

क्षितिजा : पण म्हणाला काय?

मेघना : साडी परत घेणार नाही म्हणाला. खेळ नवऱ्याचं नाव घ्यायचा होता आणि तुम्ही घेतलंत, त्यात नवऱ्याने हजर असावं असा नियम नाही. आणि म्हणाला, उद्या जोडी नको, एकट्या या. स्टेजवर उभ्या राहा, ते कोण होते ते सगळ्यांना सांगा, आणि मग परत नाव घ्या.

क्षितिजा : तू जाणार?

मेघना : मीनाक्षीताई आवाज खाली करतील कदाचित. पण जाईन म्हणते. साडी नेसून जाईन. आई, तुम्ही याल?

रमाबाई : येतंय तर. राधाबायक पण घेवन येतंय, माज्या बाजूक बसवतंय. तिका कानान कमी ऐकाक येता गो. नाव जरा मोठ्यान घे.